मास्टरजींची बत्तीस पानं

झिरकपूर आज लोकांना माहीत आहे ते फ्लॅटच्या उंच इमारतींमुळे आणि विमानतळाकडे जाणाऱ्या तुंबलेल्या रस्त्यामुळे. आम्ही राहायला गेलो तेव्हा तो नुसता एक चौक होता. एक रस्ता अंबाल्याला, एक पतियाळ्याला, एक चंडीगडला आणि एक डोंगराकडे, कालक्याला. चौकात दोन ढाबे, ट्रकच्या टायरांची दुकानं आणि मागे गव्हाची शेतं. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते, नागपूरहून बदली होऊन आले होते. चंडीगडमधलं सरकारी क्वार्टर मिळायला वेळ लागत होता, म्हणून चौकापासून थोडं आत एका घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहत होतो. खाली घरमालक राहायचे. ते सरकारी शाळेत ड्रॉइंगचे शिक्षक होते. सगळं गाव त्यांना मास्टरजी म्हणे, तसं आम्हीही म्हणू लागलो.

ती पंजाबातली वाईट वर्षं होती, दहशतवादाची. सकाळचा पेपर बाबा आधी स्वतः वाचत आणि मग घडी घालून उशीखाली ठेवत. दिवस मावळायच्या आत दार लागलं पाहिजे, हा आमच्या घरचा नियम होता आणि खालच्या घरचाही. शाळेची बस कधी यायची, कधी यायचीच नाही, आणि का आली नाही हे कोणी विचारत नसे.

मी अकरा वर्षांची होते. मास्टरजींची मुलगी माझ्याच वयाची, माझ्याच वर्गात. आम्हा दोघींना कॉमिक्सचं वेड होतं. चौकातल्या सायकलवाल्याच्या दुकानात एका दोरीवर कॉमिक्स टांगलेली असत, ती तो दिवसाच्या भाड्याने देई. आम्ही एक आणायचो, गच्चीवर पालथं पडून वाचायचो, आणि मास्टरजी शाळेतून आले की ते आमच्याकडून घेऊन वाचायचे. चित्रकाराने हात नीट काढले नसतील तर त्यांना राग येई. "देख, यह मुक्का है कि आलू?" असं म्हणून ते पेन्सिलीने पाठच्या कोऱ्या जागेवर मूठ काढून दाखवत. सायकलवाला त्यावरून आमच्याशी भांडायचा.

त्या हिवाळ्यात मास्टरजींनी स्वतःच एक कॉमिक काढायला घेतलं. शाळेत कडक थंडीची सुट्टी होती. ते अंगणात उन्हात खाट टाकून बसत, मांडीवर लाकडी फळी, शेजारी शाईची दौत. गोष्ट त्यांचीच होती. कालव्याच्या फाटकावर राहणाऱ्या चौकीदाराची एक मुलगी असते, तिला पाण्याखाली श्वास घेता येतो. लोकांचं जे जे कालव्यात हरवतं ते ती शोधून आणून देते. कोणाची अंगठी, कोणाचं वासरू, एकदा तर एक आख्खी बैलगाडी. पंजाबच्या कालव्यांतून त्या वर्षांत काय काय वाहत येत होतं ते आम्हा मुलींना माहीत नव्हतं. मास्टरजींना माहीत असणार. गोष्टीत त्यांनी तसलं काही आणलं नव्हतं. त्यांची नहरवाली, म्हणजे कालव्यातली, मुलगी फक्त अशाच वस्तू शोधायची ज्या मिळाल्यावर माणसं हसतील.

मी त्यांना म्हटलं होतं, "मास्टरजी, इसके पास पिस्तौल होनी चाहिए. सबके पास होती है."

"इसको नहीं चाहिए," ते म्हणाले.

"फिर लड़ेगी कैसे?"

"लड़ना किससे है इसको? पानी से?"

मला ते पटलं नाही.

फेब्रुवारीत एका भाड्याच्या कॉमिकमध्ये घडी घातलेली एक चिठ्ठी निघाली. चंडीगडच्या सेक्टर १७ मध्ये रविवारी कॉमिक्सचा मेळा भरणार होता. शहरातले कॉमिक्स भाड्याने देणारे दुकानदार एकत्र येऊन तो भरवत होते. जुनी कॉमिक्स बदलून मिळणार होती, मुलांसाठी आवडत्या पात्राचा वेश करून येण्याची स्पर्धा होती, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की दिल्लीच्या एका प्रकाशकाचा माणूस येईल आणि दुपारी एकपर्यंत नव्या चित्रकारांचं काम बघेल. मी आणि तिने वरचा भाग वाचला. मास्टरजींनी खालचा वाचला. चिठ्ठी त्यांनी आपल्या खिशात ठेवली आणि त्या आठवड्यात ते शाळेतून आल्यावर चहा घ्यायलाही उठले नाहीत. शनिवारी बत्तीस पानं पुरी झाली.

बाबा तेव्हा ऑफिसच्या कामाने शिमल्याला गेले होते. मला पाठवायला आईचं मन होत नव्हतं. शेवटी मास्टरजींच्या बायको, ज्यांना मी आंटीजी म्हणायचे, वर येऊन म्हणाल्या, "बहनजी, ये साथ हैं ना. अपनी बेटी भी तो जा रही है." आई मग तयार झाली. मी स्पर्धेत नहरवाली मुलगी होणार होते. माझ्या मैत्रिणीला स्टेजवर जायची लाज वाटायची, म्हणून वेश मी करायचा असं ठरलं होतं. आंटीजींनी आपल्या एका हिरव्या ओढणीचा कुर्ता शिवला, त्याला खवल्यांसारखे चंदेरी कागद चिकटवले.

माझ्याकडे दिवाळीचं टिकल्यांचं पिस्तूल होतं. मामाने नागपूरहून पाठवलेलं, पत्र्याचं, काळं, चांगलं जड. आईने ते कपाटाच्या माथ्यावर टाकून ठेवलं होतं. रविवारी सकाळी निघताना तिने माझी पिशवी उघडून पाहिली आणि म्हणाली, "ते पिस्तूल घेऊन नाही नं चालली? रस्त्यात पोलीस असतात, बाप्पा. खेळणं असलं तरी नको."

"नाही घेतलं," मी म्हटलं. खरंच पिशवीत नव्हतं. ते मी सकाळीच रुमालात गुंडाळून मास्टरजींच्या स्कूटरच्या पुढच्या डिक्कीत टाकलं होतं. डिक्कीचं कुलूप मोडकं होतं, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. मैत्रिणीलाही मी सांगितलं नव्हतं. स्टेजवर एकदम काढून सगळ्यांना चकित करायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आम्ही साडेदहाच्या सुमारास निघालो. मास्टरजींनी ठेवणीतली निळी पगडी बांधली होती. पानं त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या कागदात गुंडाळून कापडी पिशवीत घातली होती आणि ती स्कूटरच्या पुढच्या हुकाला अडकवली होती. आम्ही दोघी मागे. चौक ओलांडून चंडीगडच्या रस्त्याला लागलं की थोड्या अंतरावर नाका होता. तेलाची रिकामी पिंपं, वाळूची पोती, पोत्यांमागून निघालेली बंदुकीची नळी. मुलं बसलेली असली की स्कूटरवाल्याला एरवी हातानेच पुढे जायला सांगत. त्या दिवशी सगळ्यांना थांबवत होते. आदल्या दिवशी त्या रस्त्यावर काहीतरी झालं होतं, ते मला नंतर कळलं.

एका जवानाने कापडी पिशवी उतरवून घेतली. दुसऱ्याने डिक्की उघडली. फडकं, पाना, प्लग, आणि मग रुमाल. रुमालावरून हात फिरवला आणि तो एकदम मागे सरला. "हथियार," तो ओरडला. त्यानंतरचं फार भराभर झालं. बंदुकांचे खटके वाजले. कोणीतरी मला दंडाला धरून खाली ओढलं. मास्टरजींचे दोन्ही हात वर गेले होते, स्कूटर आडवी पडली होती आणि तिचं चाक फिरत होतं. त्यांना गुडघ्यांवर बसवलं. ते "बच्चियाँ हैं जी, बच्चियाँ हैं" एवढंच म्हणत होते.

रुमाल उघडायला त्यांना मिनिटभर लागलं असेल. आत खेळणं निघालं. मला वाटलं आता सगळे हसतील. पण जो मागे सरला होता त्याने पुढे येऊन मास्टरजींच्या तोंडात मारली.

"मज़ाक करता है?"

तिथे एक पोलीसही होता. तो म्हणाला की असलीच खेळणी दाखवून हल्ली दुकानं लुटतात. "किसका है ये?" त्याने विचारलं.

मास्टरजींनी पिस्तुलाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, अगदी क्षणभर. "बच्चों का खिलौना है जी," ते म्हणाले.

"किस बच्चे का?"

मी रडत होते आणि रडता रडता "आई, आई" म्हणत होते. तेवढ्यात एक जवान माझ्याजवळ आला. सावळा, मिशीवाला, माझ्या मामाच्या वयाचा. तो वाकून म्हणाला, "कुठली गं तू?"

मराठी ऐकून मला हुंदकाच आला. "नागपूर," मी म्हटलं.

"मी साताऱ्याचा. घाबरू नगंस. चल, हिकडं सावलीत ये." त्याने मला हाताला धरून निलगिरीच्या झाडाखाली नेलं, आपल्या बाटलीतलं पाणी दिलं. मैत्रीण तिकडेच, पडलेल्या स्कूटरपाशी उभी होती. तिला कोणी पाणी दिलं नाही. "ह्यो मानूस कोन तुझा?" त्याने विचारलं.

रोज ज्यांच्या खाटेवर बसून मी चित्रं काढायचे, ज्यांच्या ताटातलं खायचे, त्यांच्याबद्दल मी म्हटलं, "घरमालक."

"तुझ्या आई-बापाला म्हाईत हाय न्हवं, तू ह्याच्यासंगं निघालीस ते?"

मी होकारार्थी मान हलवली.

"आन त्ये पिस्तूल तुझं का?"

इतकं सोपं करून त्याने विचारलं होतं. माझ्या भाषेत, हळू आवाजात, माझ्या खांद्यावर हात ठेवून. तो मला मारणार नव्हता, रागावणारही नव्हता, हे मला कळत होतं. पण हो म्हटलं असतं तर आईशी खोटं बोलल्याचं निघालं असतं. अकरा वर्षांच्या डोक्यात त्या वेळी बंदुका नव्हत्या, आईच होती. मी म्हटलं, "नाही."

तो उठला आणि तिकडे बघून हिंदीत ओरडला, "लड़की का नहीं है."

माझ्या मैत्रिणीला मराठी येत नव्हतं, पण हे हिंदी तिला कळलं. तिने माझ्याकडे पाहिलं. माझं पिस्तूल ती ओळखत होती, दिवाळीभर आम्ही दोघींनी त्याच्या टिकल्या फोडल्या होत्या. मास्टरजींनी तिच्याकडे पाहून नको म्हणून मान अगदी थोडी हलवली.

"मैंने रखा था," ते म्हणाले. "मेले में बच्चों का ड्रामा है."

मग तपासणी सुरू झाली. त्यांची पगडी उतरवायला लावली आणि सबंध उलगडून पाहिली. मी त्यांचे केस कधी पाहिले नव्हते. ते विरळ होते, डोक्यावर लहानसा बुचडा होता, आणि पगडीशिवाय ते एकदम म्हातारे दिसायला लागले. कॅलेंडरचा कागद सोडून बत्तीस पानं रस्त्याच्या कडेला मातीवर पसरली गेली. वाऱ्याने उडू नयेत म्हणून जवानांनी त्यांवर बूट ठेवले. गोष्टीत एका जागी मुलगी कालव्याच्या पुलावरून उडी मारते. मास्टरजींनी तो पूल वरून काढला होता, कठडे, कमानी, पाण्याची दारं, सगळं मोजून मापून. पोलिसाने ती पानं उचलली.

"ये कौन सा पुल है?"

"कोई नहीं जी. मन से बनाया है."

"मन से?" तो म्हणाला, आणि ती तीन पानं त्याने वेगळी ठेवली.

मास्टरजींना उन्हात उकिडवं बसवून ठेवलं. फेब्रुवारीचं ऊन काही फार नसतं, पण बराच वेळ ते तसेच बसून होते, उघड्या डोक्याने, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बसमधली माणसं बघत होती. शेवटी जीपमधून एक साहेब आला. त्याने शाळेचं ओळखपत्र पाहिलं, पिस्तूल हातात घेऊन पाहिलं, आणि कंटाळल्यासारखं म्हणाला, "जाने दो." स्कूटरचा नंबर आणि घरचा पत्ता लिहून घेतला. पिस्तूल ठेवलं. ती तीन पानंही ठेवली.

साताऱ्याचा जवान मला म्हणाला, "जा बाळ. नीट जा." मी त्याला थँक्यू म्हटलं.

मास्टरजींनी रस्त्याच्या कडेला पगडी पुन्हा बांधली. कापडाचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं मुलीने, आणि दोघांनी ते ताणून घडी घातली. रोज सकाळी अंगणात ती दोघं हेच करायची, तेव्हा ती काहीतरी बडबडत असायची. कापडाला माती लागली होती. मी मदतीला पुढे झाले तर तिने माझ्या हाताला आपलं टोक लागू दिलं नाही.

मला वाटलं आता आम्ही घरी जाणार. मास्टरजींनी स्कूटर चंडीगडच्या दिशेने वळवली. "चलो पुत्तर, देर हो गई," ते म्हणाले.

सेक्टर १७ मधल्या त्या हॉलमध्ये आम्ही पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. दारात पुन्हा तपासणी झाली. आत मी जन्मात एका जागी इतकी कॉमिक्स पाहिली नव्हती. भिंतीपासून भिंतीपर्यंत दोऱ्या बांधून कपडे वाळत घालावेत तशी चिमट्यांनी टांगली होती. नव्या कागदाचा आणि शाईचा वास कोंदला होता. जमिनीवर सतरंज्यांवर मुलं आपापले गठ्ठे घेऊन बसली होती आणि अदलाबदली करत होती, "दो पतली के बदले एक मोटी." पाठीवर आईच्या पेटिकोटचे झगे लावलेली, पुठ्ठ्याचे मुखवटे घातलेली, तोंडाला निळा रंग फासलेली मुलं इकडून तिकडे पळत होती. आठवडाभर मी ज्या जागेची स्वप्नं पाहिली होती ती हीच होती, आणि स्वप्नाहून ती काही कमी नव्हती. मला आनंद झाला. ते मला आजही कबूल करायला जड जातं, पण झाला. अर्धा तास तरी मी नाका विसरले.

प्रकाशकाचा माणूस एका टेबलाशी पुऱ्या खात होता. खोकी बांधून तयार होती. मास्टरजी हात जोडून उभे राहिले. त्याने हात पुसले आणि पानं चाळली. काही पानांवर बुटांचे ठसे होते. त्याने त्याबद्दल काही विचारलं नाही. हळूहळू त्याचं चाळणं मंदावलं, एका पानापाशी तर तो थांबूनच राहिला. "हाथ अच्छा है आपका," तो म्हणाला. "बहुत अच्छा है. ये बीच के पन्ने कहाँ हैं?"

"रास्ते में रह गए जी."

"पूरी करके दिल्ली भेज दीजिए. देखेंगे." त्याने आपलं कार्ड दिलं. मास्टरजींनी ते दोन्ही हातांनी घेतलं.

स्पर्धेसाठी माझं नाव पुकारलं. मैत्रिणीने माझी पिशवी धरायला नकार दिला, म्हणून ती मास्टरजींनी धरली. मी हिरवा कुर्ता घालून स्टेजवर गेले. निवेदक म्हणाला, "आप कौन हैं, बेटा?"

"नहर वाली लड़की."

"ये कौन सी कॉमिक्स में आती है?"

"अभी छपी नहीं है," मी म्हटलं.

हॉल हसला. सगळ्यांत मागे मास्टरजी उभे होते, गालावर अजून लाली, आणि तेही हसत होते, टाळ्या वाजवत होते. त्यांची मुलगी खाली सतरंजीवर दाराकडे तोंड करून बसली होती. मला बक्षीस मिळालं नाही. सगळ्यांना देत होते तसा गोळ्यांचा पुडा मिळाला. परत जाताना आम्ही त्याच नाक्यावरून गेलो. त्या वेळी कोणी अडवलं नाही.

आंटीजींनी त्या संध्याकाळीच आईला सगळं सांगितलं. डिक्कीत एक खेळण्यातलं पिस्तूल निघालं म्हणाल्या, कोणाचं ते त्या बोलल्या नाहीत. आई वर आली, स्टूल ओढून त्यावर चढली आणि कपाटाच्या माथ्यावर हात फिरवला. उतरून ती स्टुलावरच बसली.

"काहून केलं तू असं?" ती म्हणाली. मग, "अन् विचारलं तेव्हा सांगितलं काहून नाही?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला मनगटाला धरून खाली नेलं. आंटीजी कणीक मळत होत्या. मास्टरजी शाळेला निघत होते. मैत्रीण बुटांच्या नाड्या बांधत होती. आई म्हणाली, "बोल." मी बोलले. आंटीजींचे हात थांबले नाहीत. "बच्ची है, बहनजी," त्या म्हणाल्या, पण माझ्याकडे न बघता.

मास्टरजी म्हणाले, "मैंने तो देखते ही पहचान लिया था. दीवाली में इसी से तो मुझे मारती थी."

"तो आपने बताया क्यों नहीं?" आईने विचारलं.

"बताता तो वे इससे पूछते. ग्यारह साल की है."

आई म्हणाली, मी पोलीस ठाण्यात येते, सांगते की पिस्तूल आमचं आहे. आंटीजी तेव्हा पहिल्यांदा मोठ्याने बोलल्या. "नहीं. थाने का रास्ता मत खोलो."

पण तो रस्ता आधीच उघडला होता. दोनच दिवसांनी पोलीस घरी आले. पिस्तुलाबद्दल त्यांनी फारसं विचारलं नाही, पुलाबद्दल विचारलं. कोणत्या कालव्याचा आहे, कोणी काढायला सांगितला, वरून कसा पाहिला. मास्टरजी शाळेतल्या मुलांना समजावतात तसं समजावत राहिले की चित्रकार न पाहिलेली वस्तूही काढू शकतो. पुढच्या आठवड्यात ते पुन्हा आले. तोवर बाबा परतले होते. खालून आवाज येत होते. आई पदर खोचून जिन्याकडे निघाली तर बाबा दारात आडवे उभे राहिले.

"तू मधे पडू नको," ते म्हणाले. "आपण किरायाने राहतो इथं. माझी सरकारी नोकरी आहे."

"पण ते आपल्या पोरीचं होतं नं."

"माहीत आहे मला. म्हणूनच म्हणून राहिलो."

आई परत येऊन खाटेवर बसली. खालचे आवाज थांबेपर्यंत आम्ही तिघं तशीच बसलो होतो.

त्याच दुपारी मी गच्चीच्या कठड्यावरून पाहिलं. आंटीजींनी अंगणातल्या चुलीत एकोणतीस पानं जाळली. एक एक करून नाही, गठ्ठाच ठेवला, आणि तो नीट पेटेना तसा काडीने उकलत राहिल्या. जाड ड्रॉइंगपेपर होता, त्याला जळायला वेळ लागला. प्रकाशकाचं कार्डही त्यात टाकलं की नाही ते मला दिसलं नाही. मास्टरजी खाटेवर बसून होते. त्यांनी अडवलं नाही. एकदा एक अर्धवट जळलेलं पान वाऱ्याने उडून त्यांच्या पायाशी आलं, ते त्यांनी उचलून परत चुलीत टाकलं.

माझी मैत्रीणही गच्चीवर आली होती, कपडे काढायला. आम्ही शाळेत एका बाकावर बसत होतो, पण त्या रविवारनंतर ती माझ्याशी बोलली नव्हती. तिने दोरीवरचे कपडे एकेक करून खांद्यावर टाकले आणि मग विचारलं, "तूने बोला क्यों नहीं?"

"पता नहीं," मी म्हटलं.

"वह तेरी भाषा बोल रहा था."

"हाँ."

"फिर तो तू आराम से बोल सकती थी."

ती खाली गेली. तिचं म्हणणं खरं होतं. पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला वेगवेगळी कारणं सांगून पाहिली. लहान होते, घाबरले होते, आईचा धाक होता. पण खरं हेही आहे की त्या झाडाखाली, तो माणूस मराठी बोलत असताना, मला सुरक्षित वाटत होतं, आणि त्या सावलीतून मला पुन्हा उन्हात, त्या दोघांच्या बाजूला जायचं नव्हतं.

बाबांनी ऑफिसात खटपट करून महिन्याभरात क्वार्टर मिळवलं, चंडीगडला, सेक्टर ३२ च्या हॉस्पिटलपासून जवळ. सामान ट्रकवर चढलं तेव्हा मास्टरजींनी स्वतः कपाटाला खांदा दिला. आंटीजींनी वाटेसाठी पराठे बांधून दिले. दहा किलोमीटरची वाट होती. त्यांची मुलगी मावशीकडे गेली आहे असं सांगितलं, पण मला आतल्या खोलीत तिच्या चपला दिसल्या होत्या.

त्यानंतर मास्टरजी मला एकदाच भेटले. मी नववीत होते. सेक्टर १७ च्या चौकात, कारंज्यापाशी, बसची वाट बघत उभी होते. त्यांनीच मला ओळखलं. दाढी पांढरी झाली होती, हातात औषधांची पिशवी होती. आंटीजींना बरं नसतं म्हणाले. आईबाबांची विचारपूस केली. "ड्रॉइंग करती है?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. "करनी चाहिए," ते म्हणाले. "हाथ था तेरा."

मी त्यांना विचारलं, तुम्ही ती गोष्ट पुन्हा काढली का? ते हसले आणि म्हणाले की शाळेत खूप काम असतं. मग मी तिच्याबद्दल विचारलं. ती लुधियान्याला मावशीकडेच असते, तिथेच शिकते, इकडे फारशी येत नाही. वातावरणच असं आहे म्हणाले, जवान मुलगी, इथं कशाला. मी म्हटलं, मला तिचा पत्ता द्याल का, मी पत्र लिहीन.

"हाँ, हाँ, लिख देता हूँ." त्यांनी वरचा खिसा चाचपला, मग बाजूचे दोन्ही. त्यांच्याजवळ पेन नव्हतं. "फिर कभी, पुत्तर," ते म्हणाले.

माझ्या दप्तरात कंपासपेटी होती, तीत दोन पेनं होती. मी दप्तराचा बंद धरून उभी राहिले. माझी बस आली, ते म्हणाले, "जा, जगह मिल जाएगी," आणि मी चढले. ते उभे होते त्या बाजूच्या खिडकीशी जागा मिळाली होती, पण मी पलीकडच्या बाजूला जाऊन बसले.